बशीची वाट

आर्लोने लगाम हलवायच्या आतच घोडा डावीकडे वळला.

वळला तोही जिथे वाट नाही तिथे. खरी वाट ओढ्याच्या कडेने सरळ वर जात होती, इतक्या वर्षांच्या टापांनी घोट्याइतकी खोल झालेली. डावीकडे नुसती आडवी पडलेली झाडं आणि त्यांच्यामागे अस्पेनची दाटी. त्या दाटीत एक घोडा जेमतेम मावेल एवढी फट होती. ती कुठे आहे हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस आत्ता खोगिरावर बसला होता.

“ए, थांब, थांब,” आर्लो म्हणाला. “तुला कुणी सांगितलं?”

डीकन थांबला नाही. आडव्या खोडांवरून एकेक पाय नीट उचलून टाकत तो फटीतून आत शिरला. फांद्या चुकवायला आर्लोलाच मान खाली घालावी लागली.

पाण्याचा वास आला असेल, त्याने स्वतःची समजूत घातली. पण पाणी उजवीकडे होतं, ओढ्यात, आणि खळखळत होतं.

डीकन त्याच्या थोरल्या भावाचा, ग्रँटचा घोडा. ग्रँट मार्चमध्ये गेला. पोटाचा कॅन्सर, तीन महिन्यांत सगळं आटोपलं. एप्रिलमध्ये आर्लोची घोडी कुरणात आडवी झाली ती उठलीच नाही. सव्वीस वर्षांची होती, तिला नावं ठेवण्यात अर्थ नव्हता. चौसष्टाव्या वर्षी नवा घोडा घेऊन काय करायचं, म्हणून यंदा हरणाच्या शिकारीला जायचंच नाही असं त्याने ठरवलं होतं. मग डोंगरावर पहिला बर्फ पडला आणि ग्रँटच्या बायकोचा, नोरीनचा फोन आला.

“डीकनला घेऊन जा,” ती म्हणाली. “नुसता खाऊन माजलाय. महिनाअखेर त्याला बाजारात उभा करणार आहे मी. त्याआधी जरा चरबी उतरव त्याची.”

तासाभराने झाडं विरळ झाली आणि कातळ आला. डोंगराच्या कुशीला तिरकी टेकलेली गुळगुळीत शिळा, वीस पावलांची. उजवीकडे भिंत, डावीकडे काहीच नाही. नवा घोडा इथे अडणार म्हणजे अडणार. त्यावर बापाने शिकवलेली युक्ती होती: उतरायचं, जॅकेट काढून घोड्याच्या डोळ्यांवर बांधायचं आणि तोंडाने काहीबाही बोलत त्याला पलीकडे न्यायचं. आर्लोच्या घोडीला पहिली चार वर्षं असंच न्यावं लागलं होतं.

तो उतरला. गुडघ्यांनी तक्रार केली. जॅकेट काढून तो घोड्याच्या तोंडाशी गेला, तर डीकनने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू हा म्हातारा थंडीत कपडे का काढतोय ते त्याला कळत नव्हतं. मग त्याने नाक खाली करून शिळेवरचा पातळ बर्फ हुंगला आणि एकटाच चालत पलीकडे गेला. तिथे उभा राहून वाट बघू लागला.

आर्लो अलीकडे, हातात जॅकेट घेऊन तसाच राहिला. वारा बोचत होता, तरी ते अंगात घालायचं त्याला सुचेना. ग्रँटने हा घोडा दोन वर्षांचं शिंगरू असताना घेतला होता, स्वतः शिकवला होता. सात वर्षांत त्याच्या पाठीवर दुसरं कुणी बसलं नव्हतं.

कातळाच्या वर, तीन बाजूंनी उभ्या कड्यांच्या मधे, गवताचं एक खोलगट मैदान आहे. आर्लोचा बाप त्याला बशी म्हणायचा. नकाशावर त्याला नाव नाही. रान सरकारी आहे, कुणीही जाऊ शकतं. पण खालून बघितलं तर तिथे नुसता कडा दिसतो, त्यामुळे कुणी जात नाही. या डोंगरांत एखादी जागा ठाऊक असणं हीच तिची मालकी.

आर्लो बावीस वर्षांचा होता तेव्हा बापाने रँच ग्रँटच्या नावावर केलं. घर, कुरणं, गुरं, पाण्याचा हक्क, सगळं. थोरला होता, लग्न ठरलं होतं, आणि जमीन अशी की दोघांत वाटली असती तर दोघेही उपाशी राहिले असते. हे आर्लोलाही कळत होतं. कळत होतं म्हणून दुखलं नाही असं नाही. सह्या झाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी बाप पहाटे त्याच्या खोलीत आला, घोड्यावर खोगीर चढव म्हणाला, आणि त्याला इथे घेऊन आला. कातळ ओलांडल्यावर बापाने टोपी मागे सारली आणि म्हणाला, “ही तुझी. ग्रँटला सुद्धा सांगायचं नाही. शब्द दे.”

आर्लोने शब्द दिला. त्यानंतर त्याने काउंटीच्या कच्च्या रस्त्यांवर पस्तीस वर्षं माती सपाट करणारा ग्रेडर चालवला, भाड्याच्या घरात राहिला, थोरल्या भावाच्या कुरणांशेजारून रोज धूळ उडवत गेला, आणि एकदाही ग्रँटचा हेवा केला नाही. म्हणजे केला, पण तो फार वेळ टिकायचा नाही. तुझ्याकडे सगळं आहे, पण म्हाताऱ्याने तुला बशी दाखवली नाही, असं मनात म्हटलं की त्याचं पोट भरायचं. आयुष्यभर तो त्या एका घासावर जगला होता.

बापाने नियमही घालून दिले होते. पहिला बर्फ पडल्याशिवाय वर जायचं नाही, त्याआधी हरणं बशीत उतरत नाहीत. मुक्काम तळ्याजवळच करायचा. पलीकडच्या स्प्रूसच्या राईत पाऊल टाकायचं नाही, हरणं तिथे झोपतात, बुजली की गेली. निघताना राख पांगवायची, घोड्याची लीद लाथेने उधळायची, आपण आलो होतो हे कावळ्यालाही कळता कामा नये. बेचाळीस वर्षांत आर्लोने यातला एकही नियम मोडला नव्हता.

डीकनने तळ्याकडे बघितलंही नाही. आर्लोने लगाम खेचला तेव्हा तो थांबला, कान मागे टाकले, आणि लगाम सैल पडताच पुन्हा आपल्या वाटेला लागला. सरळ राईत गेला, एका जाड स्प्रूसखाली उभा राहिला, लांब सुस्कारा सोडला आणि मागचा एक पाय सैल केला. मग मान वळवून त्याने आर्लोकडे पाहिलं. आलं ना घर, आता खोगीर काढ, असं ते पाहणं होतं.

खोडावर छातीइतक्या उंचीला साल झिजून गुळगुळीत झाली होती. एका ठिकाणी एकाच प्रकारे दोर बांधत राहिलं तर वीस-तीस वर्षांनी साल अशी होते. जवळ बसण्यासाठी ओढून आणलेला एक ओंडका होता. राखेचा पत्ता नव्हता. लीद उधळलेली होती. किती नीट, किती शिकवल्याप्रमाणे सगळं.

“हरामखोर,” आर्लो म्हणाला. ते ग्रँटला होतं की बापाला, हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

आणि मग त्याला ग्रँटचं एक वाक्य आठवलं, दरवर्षी जेवणाच्या टेबलावर ऐकलेलं. बर्फ पडला की डोंगर चढू नये, म्हातारा सांगून गेलाय. ग्रँट हंगामाच्या पहिल्या आठवड्यातच जाऊन यायचा. आर्लोला वाटायचं, रँचवाल्याला सुखाची सवय, थंडी सोसत नसेल. आता त्याला दिसलं की बापाने बशीची वाटणी कशी केली होती. एकाला बर्फाआधी, एकाला बर्फानंतर. एकाला तळं, एकाला राई. रँचची वाटणी जमली नाही त्या माणसाला ही अगदी झकास जमली होती. आणि दोघांनाही सांगितलं, फक्त तुझी.

बापाने जमीन दिली नाही हे त्याने पचवलं होतं. पण जे दिलं तेही खोटंच दिलं होतं.

वरच्या फांदीला तारेने कॉफीचा एक जुना डबा टांगलेला होता. त्याने तो खाली ओढला. आत मेण लावलेल्या काडेपेट्या, मिठाची पुडी, दोरीचं एक वेटोळं आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. फडकं उलगडायच्या आधीच हाताला ते कळलं.

त्याचा चाकू. हाडाची मूठ, तिच्यावर तापलेल्या खिळ्याने कोरलेलं त्याच्या नावाचं पहिलं अक्षर. अकरा वर्षांपूर्वी तो बशीतच हरवला होता. घरी त्याने सांगितलं होतं, बेकरच्या ओढ्यात पडला.

त्या भागातली रीतच तशी. हरीण कुठे मारलंस हे विचारायचं, आणि शिकाऱ्याने खोटं सांगायचं. खोटं आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण पुढचा प्रश्न विचारणं असभ्य. आर्लो दरवर्षी म्हणायचा, बेकरचा ओढा. ग्रँट दरवर्षी म्हणायचा, वॉलेसचा ओढा. चाकू हरवल्यानंतरच्या दुसऱ्या नाताळात ग्रँटने त्याला नवा कोरा चाकू दिला, चामड्याच्या म्यानासकट. सगळ्यांसमोर म्हणाला, “हा तरी बेकरच्या ओढ्यात हरवू नकोस हं.” सगळे हसले. आर्लोही हसला. तोच चाकू आत्ता त्याच्या कमरेला होता.

म्हणजे ग्रँटला ठाऊक होतं. दहा वर्षं तो टेबलाच्या पलीकडे बसून, बटाटे वाढून घेत, ‘यंदा कुठे मारलंस रे?’ असं विचारत राहिला, आर्लोच्या थापा मान डोलावत ऐकत राहिला, आणि ताकास तूर लागू दिली नाही. मनातल्या मनात किती हसला असेल. जमीन त्याची, बशी त्याची, आणि वर फुकटची करमणूक.

आर्लो त्या ओंडक्यावर बसणार होता, पण बसला नाही. घोडा तिथेच बांधला, कारण डीकन हलायलाच तयार नव्हता, आणि स्वतः पथारी उचलून तळ्याकडे गेला. कोरडं बिस्किट आणि डब्यातले घेवडे गारच खाल्ले. आता इथे पुन्हा यायचं नाही, त्याने झोपण्यापूर्वी ठरवलं. परक्याच्या अंगणात कशाला यायचं?

सकाळी नर आला. रुंद शिंगांचा, गाढवासारखे कान फिरवत, राईतून निघून सावकाश तळ्याकडे उतरला. इतका मोठा नर आर्लोने दहा वर्षांत पाहिला नव्हता. एरवी त्याचं काळीज धडधडलं असतं. आज हात अगदी स्थिर होते, आणि तेच त्याला आवडलं नाही. गोळी खांद्यामागे बरोबर लागली. हरीण चार उड्या मारून पडलं.

पोट उघडायला त्याने कमरेचा चाकू काढला. थोडा वेळ पात्याकडे बघितलं, परत म्यानात घातला, आणि खिशातून जुना काढला. इतकी वर्षं फांदीला टांगलेल्या पात्यावर गंजाचा एक ठिपका नव्हता. धार ताजी होती. दरवर्षी कुणीतरी ती लावत आला होता.

मांसाचे चार तुकडे करून त्याने डीकनवर लादले, शिंगं वर बांधली आणि पायी निघाला. आठ मैल उतार. गुडघे प्रत्येक पावलाला बोलत होते. वाटेत तो घोड्याशी एक अक्षरही बोलला नाही.

नोरीन अंगणात कपडे वाळत घालत होती. ग्रँटचं खाकी जॅकेट तिच्या अंगावर गुडघ्यांपर्यंत येत होतं.

“आलास का जिवंत,” ती तोंडातला चिमटा काढून म्हणाली. “मी आता तुला शोधायला माणसं पाठवणार होते. अरे बापरे, केवढी शिंगं!”

“बरा आहे.”

“बरा म्हणे. घोडा कसा वागला?”

“शहाणा आहे,” आर्लो म्हणाला. “नको इतका.”

त्याने मांस तिच्या शेडमध्ये टांगलं. उसन्या घोड्यावरून शिकार आणली तर पाठीचं कोवळं मांस घोड्याच्या धन्याचं, हे तिथे सांगावं लागत नाही. ती परात घेऊन आली आणि तो कण्याच्या बाजूने चाकू चालवू लागला.

“कुठे मारलंस?”

“बेकरचा ओढा.”

“हो का,” नोरीन हसली. मग तिचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं आणि हसू थांबलं. “हा तुला सापडला वाटतं.”

आर्लोचा हात थांबला.

“तुला काय माहीत?”

“मला काय माहीत? एक अख्खा हिवाळा माझ्या स्वयंपाकघराच्या खणात होता तो. चमच्यांशेजारी. सप्टेंबरात ग्रँट शिकारीहून आला तो हा घेऊन. चार दिवस धड जेवला नाही, बोलला नाही. मला वाटलं गुरांचं काही झालं. मग एक दिवस बसून त्याला तेल लावत होता. मी म्हटलं, अरे हा आर्लोचा, नेऊन दे ना त्याला. बिचारा स्वयंपाकघरातल्या सुरीने हरणं सोलतोय.”

“मग?”

“म्हणाला, दिला तर तो तिथे परत जायचा नाही. आणि त्याच्याकडे तेवढंच आहे.” तिने परातीतलं मांस उगाच सारखं केलं. “तिथे म्हणजे कुठे, विचारलं मी. तर म्हणे वॉलेसचा ओढा. मग नाताळात तुला नवा घेतला. मीच पसंत केला होता, म्यानासकट.”

आर्लो चाकू पुसू लागला. पातं कधीच स्वच्छ झालं होतं, तरी तो पुसत राहिला. ग्रँटही त्या ओंडक्यावर बसला असेल, हा चाकू मांडीवर घेऊन. बापाला त्यानेही तीच शिवी दिली असेल. चार दिवस तो जेवला नव्हता. आणि त्यानंतर दहा वर्षं टेबलाच्या पलीकडून विचारत राहिला, यंदा कुठे मारलंस रे? बशी एकट्याची नाही हे कळायची वेळ त्याने आर्लोवर एकदाही येऊ दिली नाही. म्हाताऱ्याचा राग आर्लोच्या मनातून गेला नाही, तो जाणारही नव्हता. पण आता तो राग एकट्याचा राहिला नव्हता.

“एक विचारू?” नोरीन म्हणाली.

“विचार.”

“जुलैमध्ये आपण त्याची राख वॉलेसच्या ओढ्यात सोडली. तू होतास, पाद्री होता, सगळे रडले. त्या ओढ्याची माती लाल आहे, बघितलीस ना? माझे बूट अजून लाल आहेत. एक्केचाळीस वर्षं मी त्या माणसाच्या शिकारीच्या पँटी धुतल्या, आर्लो. लाल पाणी एकदाही निघालं नाही.” ती परात खाली ठेवून उभी राहिली. “म्हणून एक मूठ मी मागे ठेवलीय. बेकिंग पावडरच्या डब्यात. तू भाऊ त्याचा. तो कुठे जायचा, खरंच ठाऊक नाही तुला?”

हा पुढचा प्रश्न होता, जो तिथे कुणी कुणाला विचारत नाही. आर्लोने बापाला शब्द दिला होता. ग्रँटनेही दिला असणार, आणि मरेपर्यंत पाळला, बायकोपाशीसुद्धा. शब्द घेणारा मात्र दोघांकडून घेऊन मोकळा झाला होता.

आर्लो बाहेर आला. कुंपणाला बांधलेला डीकन उन्हात डोळे मिटून उभा होता. पाठीवर खोगिराची ओली खूण होती. आर्लोने त्याच्या मानेवर हात ठेवला, दोन दिवसांत पहिल्यांदाच.

“याला विकू नकोस,” तो मागोमाग आलेल्या नोरीनला म्हणाला.

“का?”

“ओढ्याची वाट धर. तिसरा पूल ओलांडलास की लगाम सोडून दे, हात लावू नकोस त्याला. पुढे एक कातळ येतो, तिथे घाबरू नकोस. पाहिजे तर डोळे तू मिट, त्याचे बांधू नकोस. जिथे थांबेल तिथे उतर.”

वाळत घातलेली एक चादर फडफडली तशी नोरीनने ती मुठीत धरून ठेवली.

“कधी जाऊ?” तिने शेवटी विचारलं.

“पुढच्या वर्षी, सप्टेंबरात. पहिल्या आठवड्यात, तो जायचा तेव्हाच.”

“तू येशील बरोबर?”

“नाही,” आर्लो म्हणाला. “मी बर्फ पडल्यावर जातो.”